'पिशवी काढली' म्हणजे नेमकं काय काढलं?

(बिडकीन इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

बाहेर आजच्या विषयाचा बोर्ड लागला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला थांबवून विचारलं, छपाईची चूक झाली का हो? 'स्त्रियांमधलं टेस्टोस्टेरॉन' लिहिलंय, तिथं 'पुरुषांमधलं' पाहिजे ना? चूक झालेली नाही. पण हा प्रश्न पडतो, यातच आजच्या विषयाचा निम्मा भाग आला.

आधी एक सांगून टाकतो. आम्ही डॉक्टर नाही. आरोग्याबद्दल जे छापलं जातं, जे अहवाल निघतात, जी मार्गदर्शक तत्त्वं येतात, ती वाचायची आणि त्यांत काय आलं, काय सुटलं ते बघायचं, हा आमचा उद्योग. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, मग ज्या कागदावर बाईच्या पोटाला चीर द्यायची की नाही ते ठरतं त्या कागदाची का होऊ नये? तेव्हा आज इथं औषधाची चिठ्ठी मिळणार नाही. आम्ही दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून वाचणार आहोत. दोन्ही २०१९ सालच्या. एक आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली पाहणी आणि दुसरं जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून काढलेलं निवेदन. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

आधी या टेस्टोस्टेरॉनचं काय ते बघू. शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो, इस्ट्रोजेन बाईचं, टेस्टोस्टेरॉन पुरुषाचं. मराठीत तर आपण त्याला सरळ 'पुरुषी संप्रेरक' म्हणून मोकळे होतो. हे नाव कुठून आलं? १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेनं बैलांच्या वृषणांतून हा पदार्थ वेगळा काढला. वृषणाला इंग्रजीत जो शब्द आहे तोच नावात घातला. पहिल्यांदा जिथं सापडला तिथलं नाव चिकटलं, बस्स. उद्या कुणाला विहीर खणताना सोनं सापडलं म्हणून सोन्याला 'विहिरीचं' म्हणायचं का?

बाईच्या अंगात हे संप्रेरक असतंच. पाळी चालू असलेल्या बाईत ढोबळमानाने पाव हिस्सा अंडाशयातून येतो, पाव हिस्सा मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून येतो, आणि उरलेला निम्मा चरबी, त्वचा अशा ठिकाणी दुसऱ्या संप्रेरकांपासून तयार होतो. पुरुषाच्या मानानं प्रमाण फार कमी. पुरुषाच्या रक्तात एका डेसिलिटरला साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम, बाईच्या रक्तात १५ ते ७०. पण गंमत बघा, वजनानं मोजलं तर तरुण बाईच्या रक्तात महिन्यातले बरेचसे दिवस इस्ट्रोजेनपेक्षा टेस्टोस्टेरॉनच जास्त असतं. आणि इस्ट्रोजेन तयार होतं ते मुळी टेस्टोस्टेरॉन आणि त्याचं भावंड अँड्रोस्टेनडायोन यांच्यापासून. इकडे उसाचा भाग आहे, म्हणून असं म्हणू : आधी रस, मग गूळ. रस नसेल तर गुळाचं नाव काढू नका.

आता, वयाप्रमाणे हे कमी होतं. विशीपासून चाळिशी उलटेपर्यंत हळूहळू उतरत जातं, जवळजवळ निम्म्यावर येतं. पण पाळी जाते त्या वेळी इस्ट्रोजेन जसं कड्यावरून पडावं तसं पडतं, तसं टेस्टोस्टेरॉन पडत नाही. कारण पाळी गेल्यावरही अंडाशय ते थोडंथोडं बनवत राहतात. म्हातारा बैल दावणीला नुसता बसून खातो असं आपल्याला वाटतं, पण तो अजून थोडी पाळी घालत असतो, तसं हे आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

बाईच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन एकदम, एका दिवसात निम्म्यावर येण्याचा मोठा प्रसंग कोणता? दोन्ही अंडाशय काढून टाकणं. दुसरीही कारणं आहेत. बाळंतपणात अतोनात रक्त जाऊन मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी निकामी होते, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, अंगावरचे केस जातात, आणि 'बाळंतपणानंतर ती उठलीच नाही' एवढंच घरात म्हटलं जातं. वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या तर अधिवृक्क ग्रंथी झोपतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. पण मराठवाड्यात बसून बोलायचं तर पहिलं कारण शस्त्रक्रियेचंच घ्यावं लागेल.

तर बीडकडे वळू.

एप्रिल २०१९ मध्ये 'बिझनेसलाइन'मध्ये बातमी आली, की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या आहेत. राष्ट्रीय महिला आयोगानं दखल घेतली. जूनमध्ये विधान परिषदेत डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या प्रश्नावर तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिलं, की तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. मग गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या पाहणीतून जो आकडा लोकांपर्यंत पोचला तो असा : ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. शंभरात जवळपास सतरा. त्याच्या आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ च्या, देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं.

इथं वाचक म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ४,६०५ आणि १३,८६१ हे दोन आकडे लोक बेधडक एकमेकांच्या जागी वापरतात. भाषणात वापरतात, लेखात वापरतात. ४,६०५ म्हणजे तीन वर्षांत झालेल्या शस्त्रक्रिया. १३,८६१ म्हणजे आजवर कधीही पिशवी काढलेल्या ऊसतोड बायका. एक दवाखान्याच्या वहीतून आलेला आहे, दुसरा बायांना विचारून. दोन्ही खरे असू शकतात, पण एकाला दुसऱ्याचा पुरावा म्हणून उभं करता येत नाही. ज्यांना हा प्रश्न दाबायचा असतो ते नेमकं इथंच बोट ठेवतात, 'बघा, आकडे जुळत नाहीत'. म्हणून आपल्या बाजूच्या माणसांनी तरी आकडा नीट वापरावा.

पाहणीनं काय चांगलं केलं? फार मोठं काम केलं. 'बायका अडाणी आहेत म्हणून पिशव्या काढतात' ही जी शहरी समजूत होती, तिला धक्का बसला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांच्या नावानं उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला की ५०० रुपये कापले जातात, असं बाया सांगत होत्या. पहाटे उठून फडात, मोळ्या डोक्यावर, रात्री-बेरात्री गाडी भरायला. पाण्याची सोय नाही, आडोसा नाही. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय, म्हणून बाई दवाखान्यात जाते, तिथं तिला 'पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल' अशी भीती घातली जाते. दोन-तीन लेकरं झालेली, ऑपरेशन झालेलं, मग पिशवीचा उपयोग तरी काय, असा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबात मुकादमाची उचल पण असते, दवाखान्याचं बिल पण असतं, आणि बाईची स्वतःची सुटका पण असते. म्हणजे दर महिन्याच्या त्या चार दिवसांतून सुटका. ही गुंतागुंत समोर आली. पुढे बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं. २०२२ मध्ये केंद्रानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. हे सगळं लहान नाही.

पण हा आकडा पिशव्यांचा आहे.

म्हणजे काय? पिशवी, गर्भाशय, ही संप्रेरक बनवणारी ग्रंथी नव्हे. ती काढली तर पाळी थांबते, लेकरू होत नाही. संप्रेरकं बनतात ती शेजारच्या दोन अंडाशयांत. शस्त्रक्रियेत नुसती पिशवी काढता येते, आणि पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढता येतात. बाईच्या दृष्टीनं बाहेरून टाके तेवढेच, बिल तेवढंच, बोलीत शब्द एकच : 'पिशवी काढली'. पण आतून ही दोन अगदी वेगळी ऑपरेशनं आहेत. पहिल्यात चौतिशीतल्या बाईची अंडाशयं राहतात आणि काम करत राहतात. रक्तपुरवठा कमी झाल्यानं काही वर्षं अलीकडे थकतात, पण राहतात. दुसऱ्यात चौतिशीतल्या बाईला एका दुपारी साठीच्याही पलीकडे नेऊन ठेवलं जातं. साठीच्या बाईच्या अंडाशयातून थोडं तरी टेस्टोस्टेरॉन येत असतं, हिच्यात तेही नाही. इस्ट्रोजेन जवळजवळ गेलं, टेस्टोस्टेरॉन निम्मं झालं.

आणि १३,८६१ हा आकडा यातल्या कुठल्या बाईबद्दल बोलतो? दोघींबद्दल एकाच आवाजात बोलतो. आमचं म्हणणं एवढंच, की प्रश्न विचारणाऱ्यांनी बाईची भाषा घेतली हे बरं केलं, पण ती भाषा जिथं आंधळी आहे तिथं त्यांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता : अंडाशयं राहिली का? कारण या बायांच्या ज्या तक्रारी बातम्यांमध्ये परत परत येतात, पाठ धरते, सांधे दुखतात, चक्कर येते, झोप लागत नाही, मोळी उचलवत नाही, त्यांची संगती या एका प्रश्नाशिवाय लागत नाही.

यात खबरदारीही घेऊ. सगळं टेस्टोस्टेरॉनवर ढकलायचा मोह होतो, तो आवरायला हवा. अंडाशयं गेली की दोन-तीन संप्रेरकं एकदम जातात, त्यामुळे कशानं काय झालं ते वेगळं काढणं अवघड. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात, नर्सेस हेल्थ स्टडीत, साध्या आजारासाठी पिशवी काढलेल्या २९,३८० जणींची माहिती २००९ मध्ये मांडली गेली. अंडाशयं काढलेल्यांत अंडाशयाचा आणि स्तनाचा कर्करोग कमी होता, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त होते. म्हणजे 'कॅन्सर होईल' ही भीती पूर्ण खोटी नव्हती. ती अर्धीच सांगितली जात होती. दुसरं अर्धं, की काढल्यानं काळजाचं काय होईल, हाडांचं काय होईल, ते सांगितलं जात नव्हतं. या नुकसानीत टेस्टोस्टेरॉनचा वाटा किती, हे त्या अभ्यासावरून सांगता येत नाही. मोठा वाटा इस्ट्रोजेनचा मानतात. म्हणून पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं गेलेल्या बाईला, काही आडकाठी नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असा जगभरचा सल्ला आहे. आपल्याकडे ते वय ४६-४७ च्या आसपास. बीडच्या फडात कोणाला हा सल्ला मिळाला असेल? आम्हाला विचाराल तर टेस्टोस्टेरॉनच्या आधी हा प्रश्न येतो.

आता दुसरा कागद. सप्टेंबर २०१९. 'स्त्रियांसाठी टेस्टोस्टेरॉन उपचार : जागतिक सहमती निवेदन', असं त्याच्या नावाचं मराठी करता येईल. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या सुझन डेव्हिस पहिल्या लेखिका. अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून काढलेलं. त्याला आधार होता त्याच वर्षी आलेल्या एका मोठ्या आढाव्याचा, ज्यात ३६ चाचण्या आणि ८,४८० बायका होत्या.

हा कागद आम्हाला आवडतो, आधी ते सांगतो. वैद्यकात सहमतीचे कागद गुळमुळीत असतात. हा नाही. हा सरळ म्हणतो : बाईच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन अमुक आकड्याच्या खाली गेलं म्हणजे आजार, असा कुठलाही आकडा अस्तित्वात नाही. रक्ततपासणीवरून बाईला 'टेस्टोस्टेरॉनची कमतरता' असं लेबल लावता येणार नाही. उपचाराला पुरेसा पुरावा आहे तो एकाच गोष्टीसाठी : पाळी गेलेल्या बाईची कामेच्छा इतकी कमी झाली, की त्याचा तिला स्वतःला त्रास होतोय. बाकी, म्हणजे अंगातलं बळ, हाडं, डोकं तरतरीत राहणं, मन प्रसन्न राहणं, यांसाठी पुरावा अपुरा.

यात 'तिला स्वतःला' हे जे शब्द आहेत, ते फार मोलाचे आहेत. त्रास नवऱ्याला होतोय म्हणून बाईला औषध, असं नाही. इच्छा कमी आहे आणि तिचं काही अडत नाही, तर तो आजारच नाही. आपल्याकडे दवाखान्यात बाईच्या आधी नवरा बोलतो, सासू बोलते. तिथं हे शब्द भिंतीवर लिहून ठेवावेत इतके कामाचे.

हा कागद इतका कडक का झाला, त्याला मागचा इतिहास आहे. २००१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी 'स्त्रियांमधली अँड्रोजेनची कमतरता' अशा आजाराची व्याख्या केली. लक्षणं कोणती? थकवा, मन न लागणं, इच्छा कमी, बळ कमी. आता सांगा, संध्याकाळी सहा वाजता पैठण रोडवरच्या कुठल्याही शेअर रिक्षात बसलेल्या बाईला विचारा, यातलं काय नाही तिला? इतकं सैल जाळं टाकलं की सगळेच मासे. २००६ मध्ये अमेरिकेच्याच एंडोक्राइन सोसायटीनं सांगितलं, असं निदान करू नका, २०१४ मध्ये परत सांगितलं. दरम्यान एक पट्टी बाजारात आली, इन्ट्रिन्सा नावाची, अंगावर चिकटवायची. २००४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं तिला नकार दिला, दीर्घकाळाच्या सुरक्षिततेची माहिती नाही म्हणून. युरोपनं २००६ मध्ये मान्यता दिली. आणि कोणासाठी दिली? पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढलेल्या, इस्ट्रोजेन घेत असलेल्या बायांसाठी. २०१२ मध्ये कंपनीनं ती मागे घेतली. २०१९ चं निवेदन आलं तेव्हा स्त्रियांसाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही टेस्टोस्टेरॉन औषध बाजारात नव्हतं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियानं एका क्रीमला मान्यता दिली.

मग आमची टीका कुठं आहे? 'पुरावा अपुरा' या दोन शब्दांवर. हे शब्द खरे आहेत, पण ते कोणाच्या तोंडून कोणाच्या कानावर पडतात यावर त्यांचा अर्थ बदलतो. पुरावा अपुरा म्हणजे 'उपयोग नाही हे सिद्ध झालं' असं नव्हे. पुरावा अपुरा म्हणजे 'आम्ही पुरेसं बघितलेलं नाही'. आणि काय पुरेसं बघितलं? इच्छा. कारण औषध कंपन्यांना विकायचं ते होतं, चाचण्या त्याच्या झाल्या. कामेच्छा हा हलका विषय आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. ऊसतोड बाईला इच्छा नसते असं समजणं हा तर उद्धटपणा झाला. पण तेहतिसाव्या वर्षी अंडाशयं गेलेली, दिवसाला बारा तास वाकून काम करणारी, हिमोग्लोबिन आठ-नऊवर असलेली बाई त्या चाचण्यांच्या मनातच नव्हती. तिच्या दंडातल्या बळाचं काय होतं, हाडांचं काय होतं, हा प्रश्न त्या कागदात 'अपुरा' या एका शब्दात मिटतो. बीडच्या पाहणीनं तिची पिशवी मोजली आणि संप्रेरक सोडलं. जागतिक निवेदनानं संप्रेरक मोजलं आणि ती बाई सोडली.

बळाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही असंही नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत शलेंदर भसीन यांच्या गटानं पिशवी काढलेल्या ७१ बायकांवर एक चाचणी मांडली, काहींची अंडाशयं होती, काहींची नव्हती. दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, चार वेगवेगळ्या मात्रा, २४ आठवडे. स्नायू वाढले, जिना चढायची ताकद वाढली, पण फक्त सगळ्यांत मोठ्या मात्रेत. आणि त्या मात्रेत रक्तातलं प्रमाण बाईच्या नेहमीच्या पातळीच्या कितीतरी वर, पाच-सहा पटींवर गेलेलं होतं. म्हणजे 'गेलेलं तेवढं भरून काढलं' असं नव्हे, तर बाहेरून जादा ओतलं. यावरून फडातल्या बाईला इंजेक्शन द्या असं कोणी म्हणू लागला तर त्याला गावाच्या वेशीवरच थांबवा. जादा टेस्टोस्टेरॉननं चेहऱ्यावर केस येतात, पुरळ येतं, आणि आवाज घोगरा झाला तर तो परत पहिल्यासारखा होत नाही.

हे सांगायचं कारण, बाजार जागा आहे. 'हार्मोन पॅकेज', 'थकवा जात नाही? टेस्टोस्टेरॉन तपासा' अशा जाहिराती आता फोनवर येतात. त्या तपासणीबद्दल निवेदनात जे लिहिलंय ते प्रत्येक लॅबच्या दारावर लावावं. नेहमीच्या लॅबमधली यंत्रं पुरुषाच्या पातळीला चालतात. बाईच्या इतक्या कमी पातळीला त्यांचा आकडा भरवशाचा नसतो. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीची पद्धत लागते. तूर मोजायच्या काट्यावर सोनं मोजल्यासारखं आहे ते. त्वचेखाली बसवायच्या गोळ्या, इंजेक्शनं, ज्यांनी पातळी भलतीच वर जाते, ती वापरू नका असं त्या कागदात स्पष्ट आहे. तोंडानं घ्यायची गोळीही नको, कोलेस्टेरॉल बिघडतं. तज्ज्ञ डॉक्टरनं पुरुषांची जेल अगदी थोड्या मात्रेत दिली तर रक्त तपासत राहायचं, आणि सहा महिन्यांत फरक पडला नाही तर बंद. आणि फरक तरी किती? त्या सगळ्या चाचण्यांची गोळाबेरीज केली तर महिन्याला समाधानाचा एखादा प्रसंग वाढतो. जाहिरातीत हे कधी वाचलंय?

थकव्याबद्दल बोलायचं तर आमचं मत स्वच्छ आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाच्या होत्या. आधी हिमोग्लोबिन बघा. मग थायरॉइड, बी-१२, साखर. मग झोप किती मिळते ते विचारा. तिथंच बहुतेकींचं उत्तर सापडतं, आणि ते स्वस्तातलं असतं. लोहाच्या गोळ्यांत कमिशन नाही, एवढीच त्यांची अडचण.

मात्र याच वाक्याची दुसरी बाजूही आहे. 'आधी रक्त बघा' म्हणता म्हणता अंडाशयं गेलेल्या बाईलाही आपण त्याच रांगेत उभं करतो आणि गोळ्यांची पुडी देऊन परत पाठवतो. तिला 'वयाचं आहे' म्हणतो, आणि वय असतं पस्तीस. 'मनाचं आहे' म्हणतो. हा अन्याय बाजाराच्या लुटीपेक्षा लहान नाही. फक्त तो फुकट होतो, म्हणून दिसत नाही.

बाईच्या नावाशी टेस्टोस्टेरॉन हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत आला तो कधी, आठवतं? २०१४ मध्ये धावपटू द्युती चंदला अपात्र ठरवलं तेव्हा. 'हिच्यात जास्त आहे' म्हणून. २०१५ मध्ये क्रीडा लवादानं ते नियम स्थगित केले. जास्त असलं की बाईच्या बाईपणावर शंका घेणारे किती तत्पर होते ते आपण पाहिलं. ऑपरेशनच्या टेबलावर निम्मं गेलं त्याची बातमी कोणी केली नाही.

आता वेळ झाली, पण एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. विचारलंय, 'माझ्या बहिणीची पिशवी सहा वर्षांपूर्वी काढली. अंडाशयं ठेवली का काढली, कसं कळणार?'

ताई, पहिल्यांदा दवाखान्यातून घरी सोडताना दिलेलं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर ऑपरेशनचं नाव लिहिलेलं असतं, बहुतेक इंग्रजी अक्षरांत. नुसतं 'टीएएच' किंवा 'व्हीएच' असेल तर पिशवी काढली. त्यापुढे 'बीएसओ' ही तीन अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही काढल्या. 'यूएसओ' असेल तर एकाच बाजूचं. काढलेला भाग तपासायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट असतो, त्यात काय काय मिळालं ते लिहिलेलं असतं, तो मागा. कार्ड हरवलं असेल तर दवाखान्याकडे नोंदीची प्रत मागायचा तुमचा हक्क आहे. तीही मिळाली नाही तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफीत अंडाशय नेहमी दिसेलच असं नाही, कधीकधी आतड्यामागे लपतं. तेव्हा डॉक्टरांना एफएसएच आणि इस्ट्राडायॉल या दोन रक्ततपासण्यांबद्दल विचारा. एफएसएच खूप वर आणि इस्ट्राडायॉल खाली असेल तर अंडाशयं नाहीत, किंवा असून काम करत नाहीत. टेस्टोस्टेरॉन तपासायची यात गरज नाही, कोणी पॅकेजमध्ये घातलं तर काढायला सांगा.

बहिणीचं वय किती म्हणालात? अडतीस. मग स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना कार्डासोबत अजून दोन गोष्टी सांगा : घाम-वाफा येतात का, आणि घरात कोणाला स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी असं काही झालंय का. इस्ट्रोजेन द्यायचं की नाही ते त्यावर ठरेल. हाडांचंही विचारा. आणि तिला स्वतःला घेऊन जा, तिच्या वतीनं तुम्ही एकट्या जाऊ नका.